लिंडनसाठी भरलेली पेटी

शोल्स, इंडियाना
१४ सप्टेंबर

प्रिय लिंडन,

तुझं कार्ड पोचलं. रायफल तुझीच आहे, ती मागायची गरज नव्हती. मी तिला तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे. सेसिल पुढच्या महिन्यात मन्सीला त्याच्या मुलीकडे येणार आहे, तो ती तुझ्या घरी पोचती करील. दस्त्यावर तुझ्या वडिलांचा गाल टेकायचा तिथलं पॉलिश गेलेलं आहे. ते तसंच राहू दे असं मला वाटतं, पण आता ती तुझी वस्तू आहे.

काडतुसांचं मात्र जरा बघावं लागेल. तळघरात पेट्या बऱ्याच आहेत आणि तुझ्या वडिलांची ठेवण्याची पद्धत तुला माहीत आहे.

तू लिहितोस, गेल्या वर्षी त्यांनी तुला फोनवर सांगितलं होतं की तुझ्यासाठी एक पेटी भरून ठेवली आहे. ते मला माहीत आहे. मी शेजारीच बसले होते. फोन ठेवून म्हणाले, "बघतो म्हणाला." मी विचारलं, "बघतो म्हणजे येतो, की येत नाही?" तर म्हणाले, "बघतो म्हणजे बघतो. तुला काय त्याला कोर्टात उभं करायचंय?" शिकारीचा मोसम उघडला त्या सकाळी ते कपडे करून स्वयंपाकघरात बसून राहिले. कॉफीचे दोन थर्मास भरले होते. दहा वाजता बूट काढले आणि म्हणाले, गुडघा दुखतोय.

हे मी तुला टोचावं म्हणून लिहीत नाही.

एक गोष्ट तुलाही ठाऊक आहे. घरी भरलेली काडतुसं ज्याची त्यानेच उडवायची. दुसऱ्याने काडतुसात दारू किती घातली, लक्ष ठिकाणावर होतं की नव्हतं, हे आपल्याला कळत नाही, आणि काही फुटलं तर डोळा आपला जातो. तुझे वडील सेसिलचीसुद्धा घ्यायचे नाहीत. सेसिल म्हणायचा, "माझ्या बायकोच्या हातचं जेवतोस, आणि माझं काडतूस चालत नाही होय रे?" तर म्हणायचे, "तिच्या जेवणाने फक्त पोट बिघडतं."

म्हणून विचारते, मी दुकानातली चांगली पेटी घेऊन पाठवू का? हल्ली रायफलसाठी म्हणून वेगळी बनवलेली मिळतात. कळव.

नदीन


६ ऑक्टोबर

प्रिय लिंडन,

"बापाने भरलेली नाहीतर कुणाचीच नाही," असं तू लिहिलंस. ठीक आहे. पेटी सापडली. झाकणावर त्यांच्या अक्षरात तुझं नाव आहे आणि खाली "हरिणासाठी" असं लिहिलं आहे.

पाहिल्यावर तुला एक गोष्ट वेगळी वाटेल, म्हणून आधीच सांगते. तुझे वडील हरिणासाठी स्वतः शिसं ओतून गोळी करायचे, सपाट नाकाची. या पेटीत तशी नाही. विकतची आहे, तांब्याच्या आवरणाची, नाकाला भोक असलेली. शेवटच्या वर्षात शिशाच्या धुराने त्यांच्या छातीला त्रास व्हायचा. ओतणं त्यांनी सोडलं होतं. त्यांनी विचार बदलला होता, एवढंच.

ते बोलायचे कमी, पण या एका बाबतीत त्यांना थांबवावं लागायचं. तुझ्या आईलाही ते असंच ऐकवत असतील. रायफल आपली, पण काडतूस पिस्तुलाचं, म्हणून लोक फसतात, असं त्यांचं म्हणणं. पिस्तुलाची नळी आखूड, गोळीचा वेग कमी. तीच गोळी रायफलच्या लांब नळीतून सुटली की फार जोरात जाते. पिस्तुलाच्या वेगाला जी नीट उमलते ती इथे हाडावर आपटून फुटते. टोकदार गोळीही चालत नाही, कारण रायफलच्या पोटातल्या नळीत काडतुसं एकामागे एक बसतात आणि एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाच्या टोपीवर टेकतं, धक्का बसला तर ते आतच उडतं. म्हणून सपाट नाक, जड गोळी, आणि दारू बेताची. "हरणाला घाई नसते," म्हणायचे. "घाई असते ती दुकानदाराला, पेटीवर वेगाचा मोठा आकडा छापायची."

शेवटची दोन वर्षं मोतीबिंदूमुळे त्यांना तराजूचा काटा दिसत नव्हता. मग दारू मी मोजायची आणि गोळी ते बसवायचे. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत माझा जन्म वजनं करण्यात गेला, त्यामुळे मला ते जड नव्हतं. ते म्हणायचे, "नदीन, हे कुणाच्या रक्तातली साखर नाही, इतकं नाक लावून बघू नकोस." पण मनातून त्यांना बरं वाटायचं.

तर या गोळीबद्दल. हरीण आडवं, बरगड्या उघड्या असं उभं असेल तरच गोळी झाड. खांद्यावर मारू नकोस. हे नक्की लक्षात ठेव.

नदीन


२ नोव्हेंबर

प्रिय लिंडन,

मी आले तेव्हा तू कामावर होतास, त्यामुळे भेट झाली नाही. पेटी मी मार्लाच्या हातात दिली आहे.

रायफल आणली तेव्हाच सेसिलने पेटी का आणली नाही, असं मार्लाने विचारलं. त्याच्या गाडीत नातवंडांचं सामान फार होतं. मला यायचंच होतं, गाडीही बरेच दिवस लांब चालवली नव्हती.

तुझी बायको मोकळी आहे. दारातच म्हणाली, "अहो, चार तास एकट्या गाडी चालवत आलात, तेही एका पेटीसाठी? आमच्याकडे लोक लग्नालासुद्धा इतक्या लांबून येत नाहीत." मग मला बसवलं, बीन्स आणि मक्याचा पाव वाढला, आणि विचारलं, "तुमचं आणि लिंडनचं नेमकं काय बिनसलंय? तो सांगत नाही." मी म्हटलं, माझ्याशी बिनसलेलं नाही. त्याची आई जाऊन वर्ष व्हायच्या आत त्याच्या वडिलांनी माझ्याशी लग्न केलं, ते त्याला पटलं नाही. ती म्हणाली, "मग त्यात तुमचं काय चुकलं?" समोर भिंतीवर तुझ्या आईचा, ओपलचा, फोटो होता. छान आला आहे.

ती असंही म्हणाली की तू वडिलांच्या अंत्यविधीला आला नाहीस याबद्दल घरात कुणीच बोलत नाही, आणि या शिकारीबद्दल मात्र तू ऑगस्टपासून रोज बोलतोस. मला ते ऐकायला नको होतं.

अजून दोन आठवडे आहेत. एक सांगू का? दुकानातली पेटीही जवळ ठेव. तुझ्या वडिलांची नुसती खिशात असली तरी पुरे नाही का?

नदीन


२५ नोव्हेंबर

प्रिय लिंडन,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानं. तू मला इतकं कधी लिहिलं नव्हतंस.

हरणाचं वाचून वाईट वाटलं. रात्रभर ते तसं राहिलं याचं फार वाईट वाटलं.

तू लिहितोस की वडिलांचे हात आणि डोकं शेवटी चालत नव्हतं हे तुला कळायला हवं होतं, आणि यात माझा काही दोष नाही, मी मन दुखावून घेऊ नये. वय झालं होतं, हे खरं आहे. मोतीबिंदूही होता.

तू मला "प्रिय नदीन" म्हणून लिहिलंस, आणि नाताळला बोलावलंस. मार्लाला माझे आभार सांग. येण्याचं मी कळवते.

नदीन


१४ डिसेंबर

लिंडन,

हे पत्र शांतपणे वाच. मागची चारही पत्रं जवळ असतील तर ती काढू नकोस, त्यात खोटं आहे. कुठे कुठे आहे ते मीच सांगते.

सप्टेंबरात मी तळघरात बघते असं लिहिलं, तेव्हा तळघरात एकही भरलेलं काडतूस नव्हतं. आमच्या नेमबाजीच्या क्लबात माणूस गेला की त्याचे मित्र येऊन त्याची काडतुसं फोडून टाकतात. दुसऱ्याने ती उडवायची नाहीत, आणि बायकोच्या घरात ती पडूनही राहू द्यायची नाहीत. जूनमध्ये सेसिल आला. गोळी काढायचा हातोडा घेऊन दोन दिवस मागच्या पायरीवर बसून ठोकत होता. दारू आम्ही टोमॅटोच्या आळ्यात खत म्हणून पसरली. शिशाच्या गोळ्या तो वितळवायला घेऊन गेला.

शेवटी त्याने एक पेटी बाजूला काढली. म्हणाला, "ही तुझ्या लिंडनची. ही मी फोडत नाही. ही पाठवून दे."

मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा."

"नदीन, नियम अनोळखी माणसाच्या काडतुसांसाठी असतो. बापाने मुलासाठी भरलेल्यांना काय नियम?"

"तो मातीला आला नाही, सेसिल. फोड ती."

त्याने हातोडा खाली ठेवला. म्हणाला, "तुला राग आलाय तोवर मी कॉफी पितो." कॉफी पिऊन झाली, राग गेला नव्हता. मग त्याने एकेक करून फोडली. मी तिथेच उभी होते. ती वीस काडतुसं तुझ्या वडिलांनी नोव्हेंबरात ज्या मायेने केली होती, ती मी पाहिली होती. प्रत्येक काडतूस कानाशी नेऊन हलवून बघायचे, आत दारूचा आवाज कसा येतो ते. मला ते सगळं माहीत असताना मी ती फोडायला लावली. नियमामुळे नाही. तू आला नाहीस म्हणून. ते स्वयंपाकघरात बूट घालून बसले होते, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं, आणि त्याचा हिशेब मी त्या पेटीवर चुकता केला. रिकामी पेटी तेवढी ठेवली, झाकणावर त्यांचं अक्षर होतं म्हणून.

मग तुझं कार्ड आलं.

तेव्हाच दोन ओळी लिहिल्या असत्या तर तू चिडला असतास, आणि कदाचित तिथेच संपलं असतं. मला ते संपायला नको होतं. तुझ्या अक्षराचं वळण तुझ्या वडिलांसारखं आहे. एवढं कारण होतं, याहून मोठं काही नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी मी एकटीने ती वीस भरली. काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्या त्यांच्याच, दारू त्यांच्याच डब्यातली. दारूचं माप पुस्तकात पाहून घेतलं, तुझ्या डोळ्याला धोका नव्हता. पण शिशाची गोळी एकही उरली नव्हती, आणि ओतायला मला येत नाही. गावात चौकशी केली, तशी मिळाली नाही. त्यांच्या रिव्हॉल्वरसाठी आणलेल्या विकतच्या गोळ्या खणात होत्या, नाकाला भोक असलेल्या. मी तराजूवर घातल्या. वजन तितकंच भरलं. मी स्वतःला सांगितलं, वजन तेच म्हणजे काम तेच. माझा सगळा जन्म वजनावर विश्वास ठेवण्यात गेला, म्हणून हे सांगणं मला सोपं गेलं. पण मला माहीत होतं, लिंडन. त्या गोळ्या रायफलच्या वेगाला टिकत नाहीत, हे ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याच खुर्चीवर बसून मी त्या भरत होते. म्हणून तर मी तुला खांद्यावर मारू नको असं लिहिलं. न सांगता सांगायचा प्रयत्न केला. शिकारीच्या वेळी कुणाला अशी सूचना आठवते? आणि ती माझ्याकडून, जिने आयुष्यात हरणावर बंदूक धरली नाही?

धुराचा त्रास, ओतणं सोडणं, विचार बदलणं, हे सगळं मी रचलं. तुझे वडील मरणाच्या आधीच्या आठवड्यातही गॅरेजमध्ये शिसं वितळवत होते. त्यांनी विचार कधीच बदलला नाही. त्यांचे हात शेवटपर्यंत स्थिर होते. फक्त तराजूचा काटा दिसत नव्हता.

सेसिलने पेटी का आणली नाही, तेही सांगते. त्याने झाकण उघडलं आणि गोळ्यांची नाकं पाहिली. म्हणाला, "ही पेटी मी फोडली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग ही कुणाची?"

"माझी."

"त्याला माहीत आहे?"

मी झाकण लावलं. तो म्हणाला, "रायफल नेतो. ही नेत नाही. आणि बाई, ही तूही नेऊ नकोस." तरीही मी चार तास गाडी चालवून ती नेली.

नंतर तू त्याला फोन केलास, बापाचे हात थरथरत होते का म्हणून विचारलंस. त्याने "नदीनला विचार" म्हणून ठेवून दिला, आणि माझ्या दारात आला. "मी त्याला काही सांगितलं नाही," म्हणाला, "ते सांगणं तुझं काम आहे. पण पुन्हा फोन आला तर मेलेल्या माणसावर मी आळ राहू देणार नाही." त्याआधीच मी तुला ते छोटं पत्र पाठवून दिलं होतं, वय झालं होतं वगैरे. चारही पत्रांत मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. आधीच्या पत्रांत मी स्वतःला लपवत होते. त्या पत्रात मी तुझ्या वडिलांना पुढे केलं. तू पहिल्यांदा माझ्याशी बरं बोललास, आणि त्या बोलण्याची किंमत मी त्यांच्याकडून वसूल केली.

काल चर्चच्या तळघरात क्लबाचं डिसेंबरचं जेवण होतं. मी पर्सिमनच्या फळांचं पुडिंग नेलं होतं. तुझ्याबरोबर शिकारीला असलेल्या तुझ्या मेहुण्याने बंदुकांच्या प्रदर्शनात कुणाला तरी तुझ्या हरणाची हकिगत सांगितली होती, ती आमच्यापर्यंत पोचली होती. रॉस्कोचा स्वभाव तुला आठवत असेल. तो मोठ्याने म्हणाला, "व्हर्लिनने भरलेलं कुणाकडे काही उरलं असेल तर चार जुलैला फटाके म्हणून उडवा रे, नेम धरू नका." काही जण हसले. वाईट मनाने नाही. त्यांनाही ते पटलं होतं, हे वाईट होतं. चाळीस वर्षं तुझ्या वडिलांनी पेटीवर लिहिलेलं माप हे लोक डोळे झाकून मानायचे, आणि आता त्यांनाच ते हसत होते.

सेसिल हसला नाही. त्याने माझ्याकडेही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित बसून राहिले असते.

मी उभी राहिले. मी कधी चारचौघांत बोललेली नाही, तुझ्या वडिलांच्या अंत्यविधीलाही नाही. म्हटलं, "ती व्हर्लिनची नव्हती. व्हर्लिनची मी जूनमध्ये फोडून टाकली. ती मी भरली होती, रिव्हॉल्वरच्या गोळ्या घालून, आणि त्याच्या पेटीत ठेवून त्याच्या मुलाला त्याची म्हणून दिली."

रॉस्कोच्या हातात पाव होता. तो म्हणाला, "नदीन, तू? अगं, पण का?"

मी म्हटलं, "ते मी आधी लिंडनला सांगेन."

सेसिलच्या बायकोने चमचा खाली ठेवला. एवढे पुरुष, सगळे खाली बघत होते. त्यांच्यात यापेक्षा वाईट दुसरं काही नाही. एखाद्याने चोरी केली तर त्याच्याशी बोलतील. दुसऱ्याच्या नावाने काडतूस भरणाऱ्याशी काय बोलायचं ते त्यांना माहीत नाही, कारण असं आजवर कुणी केलेलं नाही. मग सेसिल म्हणाला, "बस. वाडग्यातली चिली गार होतेय." मी बसले नाही, कोट घातला आणि घरी आले. पुडिंगचं भांडं तिथेच राहिलं.

आज ना उद्या तुला कुणाचा तरी फोन येईल. रॉस्को थांबणारा माणूस नाही. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून आज रविवार असूनही लिहायला बसले. उद्या पोस्ट उघडलं की टाकते.

नाताळला मी येत नाही. मार्लाला काय सांगायचं ते तू ठरव. उरलेली काडतुसं उडवू नकोस. ती परत पाठव, किंवा तूच फोड.

तू लिहिलं होतंस, गोळी खांद्याच्या हाडावर बसली आणि तिथेच फुटली, आत गेलीच नाही. संध्याकाळपर्यंत तू आणि मेहुणा मक्याच्या धाटांतून रक्ताचे थेंब शोधत होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओढ्याच्या काठी सापडलं, मान वर करून बसलेलं, जिवंत. तू जवळ गेलास तरी उठलं नाही. ते वाक्य मी रोज वाचते. पुढे तू लिहिलंस, "डॅडने मला असं कधीच शिकवलं नव्हतं, मग त्यांनीच हे कसं भरलं?"

त्यांनी भरलंच नव्हतं. त्यांची गोळी असती तर ते हरीण जिथे उभं होतं तिथेच पडलं असतं, आणि तू त्यांना मनातल्या मनात दोन शब्द बोलून घरी गेला असतास. त्या हरणाची ती रात्र माझी आहे, आणि तुझी शिकारीची ती सकाळही मीच घेतली. तुझ्या वडिलांवर तुझा जो विश्वास होता तो तू परत घे. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे, आणि तेही मुळात तुझंच होतं.

नदीन